दिवसाची रात्र करणारं जाजम

मित्रांनो, आधी माझं नाव नीट घ्या. जाजम म्हणतात मला. देवासच्या त्या कॉलनीत कोणी मला पडदा म्हणायचं, कोणी ‘तो जाडा कपडा’, आणि समोरच्या एका बाईने तर सरळ बोरा म्हटलं होतं. बोरा! अहो, बोरा म्हणजे पोतं, ते गव्हाचं असतं. मी बैठकीचं जाजम आहे. आता विटलोय, जागोजाग विरलोय, पण नाव चुकीचं घेतलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म धार जिल्ह्यातल्या बाग गावचा. तिथले छिपे लाकडी ठशांनी कापड छापतात. माझं कापड जाड, दुहेरी. आधी मला हिरड्याच्या पाण्यात बुडवलं, मग अंगभर लाल आणि काळी वेलबुट्टी छापली. तो काळा रंग कशाचा, ठाऊक आहे? गंजकं लोखंड आणि गूळ एकत्र कुजवून करतात. वास असा की नाक दाबून पळावं. मग नदीच्या वाहत्या पाण्यात मला दगडावर इतकं आपटलं, इतकं आपटलं, की दुसरं एखादं नाजूक कापड असतं तर त्याच्या चिंध्याच झाल्या असत्या. मी मात्र उन्हात वाळून उठलो तो खणखणीत होऊन.

तिथून मी धारला एका सरदारांच्या बैठकीत गेलो. सणावाराला, साखरपुड्याला, गाण्याला, माझ्यावर माणसं बसायची आणि पानाचे विडे लावता लावता माझ्या बुट्ट्यांवरून बोटं फिरवायची. ‘काय रंग आहे!’ म्हणायची. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

त्या बैठकीच्या दाराशी एक हुजरे उभे असत. त्यांचं नाव मानाजी. आतून नुसती टाळी वाजली की दारातून मानाजींचा ‘जी’ आलाच. जेवणाच्या ताटावरून उठून ‘जी’. तापाने फणफणलेले असताना ‘जी’. एकदा बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली होती, कोणी कौतुकाने गाण्याला टाळी दिली, आणि मानाजी झोपेतच उठून हात जोडून उभे राहिले. सगळे हसले. मानाजीही हसले. बोलावणं आलं की ते परत पाठवायचं नाही, हा त्यांच्या घरचा कुळाचारच होता म्हणा ना.

पुढे संस्थानं गेली, बैठका मोडल्या. सरदारांनी निघताना मला मानाजींच्या खांद्यावर ठेवलं. त्यांच्या घरी मी ट्रंकेत पडलो. मानाजींच्या मुलाला, रत्नाकरला, मी ट्रंकेतूनच मोठा होताना ऐकलं. त्याला बाराखडीच्या आधी ‘जी’ शिकवला होता.

रत्नाकर हिंदी शाळेत शिकला, आयटीआय झाला, आणि पंच्याहत्तरच्या सुमारास देवासला नोकरीला लागला. त्या दिवसांत देवासमध्ये एबी रोडच्या, म्हणजे आग्रा-मुंबई हमरस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहत होते आणि महाराष्ट्रातून माणसं येत होती. त्यातल्याच एका घरातली, जळगावकडून आलेली सुनेत्रा त्याची बायको झाली. रत्नाकरच्या आत्याने, राजाबाईंनी, मला नव्या संसारात आणून दिलं. राजाबाईंना सगळेच अक्का म्हणत. “बैठकीला होईल हो सूनबाई,” त्या म्हणाल्या. आणि लगेच दुसरं सांगितलं, “आणि एक. कामावरून बोलावणं आलं की निजलेल्याला उठवायचं. आपल्याकडे बोलावणं परत जात नाही.” सुनेत्राने मान डोलावली. क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. मला पुरतं उलगडलं असतं तर मी भिंतीवर चढलो असतो, तेव्हा परत ट्रंक.

रत्नाकरचं काम पॉवर प्रेसवर होतं. पत्रा आत ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून जड लोखंड धाडकन खाली येतं, पत्रा वाकतो, तो काढायचा, दुसरा ठेवायचा. पाळी दर आठवड्याला बदलायची. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. शरीराला एक वेळ जरा उमगायला लागली की दुसरी सुरू. इतर माणसांचंही तसंच होतं, म्हणून त्यात काही तक्रार करण्यासारखं आहे असं कोणाला वाटलं नाही. लग्नाला काही वर्षं झाली, मुलगी झाली. तिचं नाव इंदू.

खरा घोटाळा रात्रपाळीचा. निजायच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, अंगणाकडे होती, आणि दुपारी ऊन थेट रत्नाकरच्या डोळ्यांवर यायचं. कूस बदलून बदलून तो हैराण. एके दिवशी सुनेत्राला ट्रंकेत मी सापडलो. तिने मला घडी घालून दुहेरी केलं आणि चार खिळे ठोकून खिडकीवर टांगलं. सरदारांच्या बैठकीचं जाजम, खिडकीवर! मला रडू यायचंच बाकी होतं. पण रत्नाकर आत आला, खोलीभर पाहिलं आणि म्हणाला, “वा! अगदी रात्र झाली की गं!” त्या एका ‘वा’ने माझा राग निम्मा उतरला. स्तुती म्हटली की मी असा आहे.

तेव्हापासून माझं एक अंग खोलीत आणि एक अंग अंगणात. मी दोन्हीकडचं पाहायचो. आणि मी पाहिलं ते तुम्हाला सांगायला हवं.

अंगणात सगळं चिडीचूप असायचं. सुनेत्राने दुपारचा कुकर बंद केला, कारण शिट्टी होते. रेडिओ बंद. हातपंपावर पाणी भरायचं ते सकाळीच. भाजीवाल्याला खुणेनेच बोलवायचं. इंदू तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या पायातले वाळे काढून ठेवले होते. तिच्या मैत्रिणी आल्या की ती ओठांवर बोट ठेवायची आणि कुजबुजायची, “दादा निजलेत.” वडिलांना ती दादा म्हणायची. कॉलनीतल्या बायका सुनेत्राचं कौतुक करत, घरात कसं अगदी देवळासारखं शांत असतं म्हणत.

आणि आत, अंधारात, दादा टक्क जागे असायचे.

हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, मित्रांनो. रत्नाकर छताकडे बघत पडलेला असायचा. बाहेर इतकी शांतता की तो आवाजाची वाट बघत राहायचा. आता काही वाजेल, आता वाजेल. कधी डोळा लागलाच तर त्याचा उजवा पाय खाटेच्या पायथ्याला दणका द्यायचा, पेडल दाबल्यासारखा, आणि दोन्ही हात झटक्यात छातीशी यायचे. मग तो घामाघूम होऊन उठून बसायचा. दार उघडून बाहेर आला की सुनेत्रा विचारायची, “लागली झोप?” तो म्हणायचा, “हो, मस्त.” घरादाराने एवढं जपलेलं, त्याला ‘नाही’ म्हणायची लाज वाटत होती.

असं बरेच दिवस रेटलं. मग जगदेवरावांचं झालं.

जगदेवराव रत्नाकरच्या शेजारच्या प्रेसवर काम करायचे. त्यांनी ओळीने दोन पाळ्या केल्या होत्या. कारखान्यात त्याला ‘डबल’ म्हणतात. डबलच्या शेवटी पत्रा ठेवताना त्यांचा हात आत राहिला आणि पाय पेडलवर पडला. दोन बोटं गेली. जगदेवराव इंदूरच्या इस्पितळात, आणि त्यांचं मशीन रिकामं. माल तर पाठवायचाच होता. शरच्चंद्र नावाचे सुपरवायझर होते, त्यांना लगेच रत्नाकर आठवला. का आठवणार नाही? हा माणूस कधी नाही म्हणत नाही, हे सगळ्या शॉपला, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागाला, माहीत होतं.

मग कारखान्याची जीप यायला लागली. ड्रायव्हर उमाशंकर, देवासचाच, मालवी माणूस, स्वभावाने भला. फाटकाशी जीप थांबवून तो हळूच हाक मारायचा, “ओ भाभी! रतन भिया को साब ने याद किया है।” रात्रपाळी करून सकाळी आलेला रत्नाकर दुपारी परत निघायचा. दुसरी पाळी, आणि तिला जोडून स्वतःची रात्रपाळी. सुनेत्रा दार ढकलून “अहो” म्हणायच्या आत खाटेवरून आवाज यायचा, “जी.”

तो आवाज ऐकला की माझ्या सुतासुतात कापरं भरायचं. थेट मानाजींचा आवाज होता तो.

डबल करून आला की रत्नाकर अंधारात स्वतःची बोटं मोजायचा. एका हाताने दुसऱ्या हाताची. दहा झाली की सुस्कारा सोडायचा आणि परत पहिल्यापासून मोजायचा. जेवणावरून त्याचं मन उडालं. सुनेत्राशी तो धड बोलेना. बोललाच तर चिडून बोलायचा, आणि मग आत येऊन माझ्याकडे तोंड करून बसायचा. एकदा तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “सुनेत्रा, ते मशीन माझ्याकडे बघतं. हात आपोआप आत जाईल असं वाटतं. मी ओढून धरतो त्याला.” सुनेत्राच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, “साहेबांना सांगा ना.” तर हा म्हणाला, “काय सांगू? बोलावणं परत पाठवू?”

नवरात्रात अक्का धारहून आल्या. देवासच्या टेकडीवरच्या देवीचं दर्शन आणि चार दिवस भाच्याकडे, असा त्यांचा बेत. त्यांना घरात पाऊल ठेवताच काहीतरी बिनसल्याचं कळलं, पण काय ते कळेना. ते कळलं त्या दिवशीच्या दिवेलागणीला.

सुनेत्रा तुळशीपाशी दिवा लावत होती. ऊन मावळतीला टेकलं होतं. रत्नाकर आतून उठून आला. डोळे लाल, चेहरा सुजलेला. मोरीवर गेला, डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्याने अंगणात आला, तांब्या दोन्ही हातांत धरला, आणि मावळत्या सूर्याकडे तोंड करून सकाळचं अर्घ्य द्यायला लागला. मानाजींकडून आलेले सकाळचे मंत्र, एकही अक्षर न चुकवता. तांब्यातलं पाणी धारेने पडत होतं आणि तिकडे सूर्य खाली चालला होता.

फाटकाबाहेर कॉलनीतली दोन-तीन माणसं थांबली. एक जण हसला. “भिया, सुबह हो गई क्या?” त्याने विचारलं. रत्नाकरने वर बघितलं, दिव्याकडे बघितलं, सुनेत्राच्या हातातल्या काडेपेटीकडे बघितलं. तांब्या त्याच्या हातातून सुटला. त्याला सकाळ आणि संध्याकाळ यातलं काय चाललंय हेच कळेनासं झालं होतं. तो धडपडत आत आला, दार लावून घेतलं आणि माझ्या कडेला कपाळ टेकून उभा राहिला. मी त्या दिवशी त्याचं रडणं पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. रत्नाकर सकाळी रात्रपाळीहून येऊन पडला होता. दुपारी इंदू स्वयंपाकघरात एकटीच फुटाणे खात होती, तिच्या हातून स्टीलची वाटी पडली आणि गरगरत बाहेर आली. त्या आवाजाने रत्नाकर खाटेवरून उसळला, दार उघडून धावला, पोरीचा दंड धरून तिला गदागदा हलवायला लागला. “मला मारायचंय तुला? मला मारायचंय?” त्याचा दुसरा हात वर गेला होता. अक्का किंचाळल्या, “रतन!” तो हात तसाच वर थांबला. आणि इंदू? मित्रांनो, इंदू रडत होती, पण स्वतःच्या तोंडावर घट्ट हात दाबून. दादा निजलेले असताना आवाज करायचा नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. रत्नाकरने ते पाहिलं. त्याने तिचा दंड सोडला, आपल्याच हाताकडे तो परका असल्यासारखं बघितलं, आणि आत येऊन खाटेवर बसला.

अंगणात, माझ्या दुसऱ्या बाजूला, अक्का आणि सुनेत्रा भिंतीला टेकून बसल्या. इंदू आईच्या मांडीत. सुनेत्राने मग सगळं सांगून टाकलं, मशीन बघतं ते, बोटं मोजतात ते, सगळं. “अक्का, आज परत जीप आली तर? आज हे त्या मशीनवर गेले तर घरी कसे परत येतील ते सांगता येत नाही. पण हे नाही म्हणायचे नाहीत, आणि मीही कसं म्हणू? तुम्हीच सांगितलं होतंत ना, उठवायचं म्हणून?”

अक्कांनी पदर सावरला. मला वाटलं, आता कुळाची इभ्रत, थोरामोठ्यांचं इमान, असलं काहीतरी सुरू होणार. मी तरी तेच ऐकत मोठा झालो होतो.

“माझा भाऊ,” अक्का म्हणाल्या, “नोकरी सुटल्यावर कितीतरी वर्षं जगला. सरदार गेले, बैठक गेली, टाळी वाजवणारं कोणी उरलं नाही. आणि हा आपला रात्री-अपरात्री ‘जी’ म्हणून उठतो, दाराशी जाऊन उभा राहतो. थंडीत, उघड्या अंगाने. वहिनी त्याला हाताला धरून परत आणायच्या. आम्ही चारचौघांत सांगायचो, बघा केवढं इमान! अगं, कसलं इमान सूनबाई, वेड लागलं होतं माझ्या भावाला. झोपू दिलंच नव्हतं त्याला कोणी जन्मभर. मला तेव्हाही कळत होतं. बोलले नाही मी.” त्यांनी इंदूचा हात हातात घेतला. “आता दुसऱ्यांदा बघवत नाही मला.”

आत रत्नाकर सगळं ऐकत होता. मला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि तेवढ्यात रस्त्यावर जीप वळली.

त्या जीपचा आवाज घरातलं मांजरसुद्धा ओळखायचं. फाटक वाजलं. “ओ भाभी! रतन भिया को उठा दो। साब ने याद किया है।”

सुनेत्रा उठली. सवयीने तिची पावलं खोलीच्या दाराकडे वळलीसुद्धा. अक्कांनी तिच्या पदराला धरलं. सुनेत्रा थांबली, वळली, आणि कसंबसं म्हणाली, “वो... सोए हैं।”

“अरे तो उठा दो ना भाभी। साब भोत गरम हो रिये हैं। जगदेव भिया वाली मशीन खाली पड़ी है, माल आज निकालना है। म्हारे कईं, म्हारे तो लेने भेज्या।” मला काय, मला तर नुसतं न्यायला धाडलंय, असं त्याचं म्हणणं.

“सांगितलं ना बाबा,” अक्का म्हणाल्या, “निजलाय तो. नहीं उठाएँगे।”

“अम्मा, मेरी नौकरी का भी तो सोचो।”

इकडे आत काय चाललं होतं ते एकटा मी पाहत होतो. फाटकाच्या आवाजासरशी रत्नाकरचे पाय जमिनीवर आले होते. खुंटीवरचा शर्ट त्याने ओढला, एक हात बाहीत घातला. त्याच्या घशात ‘जी’ येऊन बसला होता, मला दिसत होता. दाराकडे दोन पावलं टाकली. एकदा दार उघडलं असतं की संपलं, मग अक्कांचं काही चाललं नसतं आणि सुनेत्राचंही नाही. माझा जीव टांगणीला लागला. तसा मी टांगलेलाच होतो म्हणा, पण हे वेगळं. ‘थांब रे’ म्हणून ओरडावंसं वाटत होतं, आणि जाजमाला तोंड कुठलं?

तो दाराशी थांबला. तो दारावरून वळला, खिडकीपाशी आला, आणि तोल सावरायला त्याने माझी कड मुठीत धरली. बाहेर उमाशंकर म्हणत होता, “एक बार हाक तो मारो, वो खुद उठ जाएँगे, मेरे को मालूम है रतन भिया का।” रत्नाकरची मूठ आवळत गेली. एक खिळा सुटला. मग दुसरा. मग त्याने मला दोन्ही हातांनी असं काही खेचलं की उरलेले खिळे चौकटीचा लाकडाचा तुकडा घेऊनच निघाले, माझा एक कोपरा टर्रकन फाटला, आणि मी जमिनीवर कोसळलो.

खोलीत भसकन ऊन घुसलं. खिडकीच्या गजांमागे रत्नाकर उभा होता. शर्टाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत, दाढी वाढलेली, उन्हाने डोळे मिटलेले. अंगणातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत राहिली.

“उमाशंकर,” तो म्हणाला. “मैं नहीं आऊँगा।”

“कईं बोल्या?”

“नहीं आऊँगा। साहेबांना सांग... बोल दे, रत्नाकर सोया है।”

सगळ्यांच्या समोर तो टक्क जागा उभा होता, आणि म्हणत होता, मी झोपलोय. पण कोणी हसलं नाही. रत्नाकरच्या चेहऱ्यावरचं ते दुखणं उमाशंकरला दिसलं असावं. त्याने टोपी काढली, घाम पुसला.

“हओ भिया,” तो हळूच म्हणाला. “आप सो जाओ। मैं बोल दूँगा, घर पे ताला था।”

“ताला मत बोलना,” रत्नाकर म्हणाला. आता त्याने डोळे उघडले होते. “ताला नहीं था। मैं घर में था और सोया था। ऐसा ही बोलना।”

जीप गेली. ती परत येईल, साहेब स्वतः येतील, म्हणून सगळे रस्त्याकडे कान लावून बसले. सुनेत्रा खोलीत आली, मला उचलून परत टांगायला लागली, तर रत्नाकर म्हणाला, “राहू दे गं. मला उजेड असू दे. आणि कुकर लाव. भूक लागलीय.” कुकर लागला. शिट्टी झाली. सुनेत्रा ताट घेऊन आत आली, तर हा माझ्यावरच, जमिनीवर, उन्हात आडवा पडून गाढ झोपला होता. घोरत होता! तिने ताट खाली ठेवलं आणि भिंतीशी बसून ती त्याचं घोरणं ऐकत राहिली. दुसरी शिट्टी झाली, इंदूने दचकून बापाकडे बघितलं. त्याने नुसती कूस बदलली. दिवेलागणीला तो आपणच उठला, जेवला, आणि आपल्या ठरलेल्या पाळीला सायकलवर बसून गेला. तेवढी पाळी मात्र त्याने कधी चुकवली नाही.

आता तुम्हाला वाटेल, एका ‘नाही’ने सगळं छान झालं. कसलं आलंय! साहेबांनी धुसफूस केली, चार माणसांत त्याला बायकोच्या पदराआड लपणारा म्हणाले. बढती मिळून चार्जमन, म्हणजे पाळीवरचा मुकादम, व्हायचा त्याचा नंबर होता, तो हुकला. पाळ्या बदलायच्या त्या बदलतच राहिल्या. मनाचं दुखणंही एका झोपेने जात नाही. इंदूरच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिवसा उन्हात फिरायला सांगितलं, आणि मुख्य म्हणजे बायकोशी खरं बोलायला सांगितलं. कितीतरी महिने वाईट दिवस येत राहिले. अशा दिवशी तो सुनेत्राला म्हणायचा, “आज झोप नाही लागली गं.” ती म्हणायची, “मग या, बसू या अंगणात.” इंदू त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला लागायला फार वेळ लागला. तो तिची वाट बघायचा, कधी घाई केली नाही त्याने. पण डबल त्याने परत केलं नाही. आणि गंमत म्हणजे, त्याचं बघून शॉपमधले आणखी काही जण ‘आज नहीं’ म्हणायला शिकले. शेवटी त्या रिकाम्या मशीनवर कारखान्याने माणूस नेमला, जे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

माझं म्हणाल तर मी परत खिडकीवर गेलो, पण अर्धाच. वरचा अर्धा भाग उघडा. मग कॉलनीतल्या बायका विचारायला आल्या, की रात्रपाळीवाल्यासाठी असलं कापड कुठे मिळेल? सुनेत्राने काय करावं? तिने कात्री घेतली. हो! सरदारांच्या बैठकीच्या जाजमावर कात्री चालवली, आणि माझे तुकडे करून घरोघरी वाटले. मी खूप संतापलो होतो, पण आता सांगतो, बरं केलं तिने. प्रत्येक तुकडा देताना ती बाईला दारातच थांबवून सांगायची, “हे घ्या. पण नुसतं टांगून भागत नाही हो. जीप आली तर तुमच्या माणसाला उठवायचं नाही. तेवढं कबूल असेल तर न्या.” काही जणी हसल्या. एक जण रागावून तशीच निघून गेली, आणि दोन दिवसांनी मुकाट्याने परत आली.

तेव्हापासून मी देवासच्या कितीतरी खिडक्यांवर थोडा थोडा लटकतो आहे, आणि प्रत्येक खिडकीमागे कोणी ना कोणी दिवसा डोळे मिटायची धडपड करत असतं. मित्रांनो, जुन्या जाजमाला वर्षातून एकदा ऊन दाखवलं, झटकलं, की त्याचं भागतं. माझी काळजी नका करू. तुमच्या घरात जर कोणी रात्रभर राबून दिवसा निजत असेल, तर पाय न वाजवता चाला, ते चांगलंच आहे. पण तो उठला की त्याला विचारा, खरंच झोप लागली का, आणि तो ‘हो, मस्त’ म्हणाला तर त्याच्या डोळ्यांकडे नीट बघा. आणि कधी भर दुपारी त्याला बोलावणं आलं, घरातली मोठी माणसं घाबरून एकमेकांकडे बघायला लागली, तर दार तुम्ही उघडा. मोठ्या आवाजात सांगा, की आमचा माणूस घरात आहे आणि तो निजलाय.